खांब एकाचा, घड्याळ दुसऱ्याचं

आमच्या दादाएवढा हुशार मूर्ख मी दुसरा पाहिला नाही. सख्खा भाऊ आहे म्हणून मी बोलते. दुसऱ्या कुणी बोलून दाखवलं तर त्याची खैर नाही.

पोटासाठी दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांना वरखाली नेणाऱ्या यंत्रांत डोकं घालून बसायचा आणि रविवारी ड्रॅग रेसच्या मैदानावर. ज्यांनी ही रेस पाहिली नसेल त्यांना सांगते, यात वळण नाही, चढ नाही, काही नाही. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात. समोर दिव्यांचा खांब. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, की दोन्ही गाड्या सुटतात. पाव मैल सरळ रस्ता, आणि नाक शिंकरून होईपर्यंत सगळं आटोपतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दादाला विचारलं होतं की एवढ्यासाठी ही एवढी माणसं उन्हात भाजून घेतायत? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या आईवरून काही बोलले. आई माझीही तीच होती, हे तो विसरला.

दिव्यांचा खांब दादाच्या हातात असायचा. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे रेस संपते तिथे, दोन डोळे बसवलेले असत. गाडी त्यांच्यासमोरून गेली की घड्याळ थांबायचं. त्या टोकाला दादाचा जिवलग मित्र बसायचा. ताडमाड उंच, म्हणून दादा त्याला लंब्या म्हणायचा. पुढे मी त्याच्याशीच लग्न केलं. लग्नाआधीपासून अरेतुरेची सवय, ती काही सुटली नाही.

खांब आणि घड्याळ यांच्यामध्ये रस्त्याच्या कडेने वायर जायची. ती दोन तुकड्यांत होती आणि बरोबर मध्यावर जोड होता. शिवाय दोघांकडे वॉकीटॉकी. नियम असा की त्या टोकाकडून लंब्या "साफ" म्हणेपर्यंत या टोकाला दादा बटण दाबणार नाही. रस्त्यावर कुत्रं नाही, माणूस नाही, आधीची गाडी बाजूला झाली, हे सगळं त्या एका शब्दात यायचं. रेस संपली की दोघं आपापल्या टोकापासून वायर गुंडाळत निघायचे आणि मध्यावर भेटायचे. जोड दोघांनी दोन बाजूंनी ओढल्याशिवाय सुटत नाही, असं दादा सांगायचा. मग तिथेच वायरीच्या वेटोळ्यावर बसून, तू कमी गुंडाळलीस, मी जास्त गुंडाळली, अशी भांडणं. मी तिकिटांच्या खोपटात पैसे मोजून कंटाळायचे, पण यांचं भांडण काही उरकायचं नाही.

घरही एकच होतं. पुढच्या खोलीत दादा, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दादाने लग्न केलं नाही. कोण देणार त्याला मुलगी? रविवारी घरात नाही आणि सोमवारी आदल्या रविवारबद्दल बोलणार.

रेस भरवणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष पेट्रोल पंपाचे मालक होते आणि उपाध्यक्ष टायरचे व्यापारी. पंपवाल्यांना वाटायचं, मंडळात पळणाऱ्या प्रत्येक गाडीत त्यांच्याच पंपावरचं इंधन पडावं. टायरवाल्यांना वाटायचं, टायर त्यांच्याच दुकानातले असावेत. गाडीवाल्यांना दोन्ही परवडेना. मग एक म्हणे इंधनाची सक्ती काढा, दुसरा म्हणे टायरची काढा. असं करता करता एका सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या आणि टायरवाल्यांनी आपला वेगळा संघ काढला. गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी ओस पडली होती, ती त्यांनी भाड्याने घेतली. गाडीवाले दोन्हीकडे वाटले गेले.

सामानाची वाटणी शेडमध्ये झाली. जमिनीवर खडूने रेष मारली आणि एकेक वस्तू इकडे-तिकडे ठेवत गेले. खुर्च्या, भोंगे, आग विझवायचे लाल डबे, रस्त्यावर मांडायचे शंकू. लहानपणी आम्ही बहीणभाऊ गोळ्या वाटून घ्यायचो, तितक्याच मायेने. सगळं सुरळीत चाललं आणि शेवटी खांब नि घड्याळ उरलं. तो संच कुणी सोडेना. पंपवाले म्हणाले, जीव गेला तरी देणार नाही. टायरवाले म्हणाले, मग जीवच जाऊ दे.

तेव्हा दादा उठला. आयुष्यात सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. तो म्हणाला, खांब मंडळाला ठेवा, घड्याळ आणि डोळे संघाला द्या, वायरही अर्धी अर्धी. दोघांनाही वाटलं, चला, समोरच्याला पूर्ण तर मिळालं नाही ना! झालं. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. नुसता खांब असेल तर गाड्या सुटतील पण कोण जिंकलं ते कळणार नाही, आणि नुसतं घड्याळ असेल तर गाड्या सुटणारच नाहीत, हे त्या शेडमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नाही. दादाच्या आलं होतं. त्याने लंब्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू घड्याळाबरोबर तिकडे जा, परक्याच्या हाती ते बिघडेल. लंब्या गेला. दादाचा शब्द तो कधी मोडायचा नाही.

पुढचे काही आठवडे दादा खुशीत होता. शीळ घालत दाढी करायचा. मला वाटलं, माणूस दुःखाने बहकला असेल. मग एक दिवस माझ्या नवऱ्याने जेवताना सांगितलं की संघ नवा खांब घेतोय, हप्त्यांवर. दादाचा घास हातातच राहिला. मंडळानेही नवं घड्याळ हप्त्यांवर घ्यायचं ठरवलंय, हे त्याला सकाळीच कळलं होतं.

तो म्हणाला, "घेऊ देऊ नकोस. थोडं थांबव त्यांना."

"का?"

"मी मुद्दाम केलं ते. अर्ध्या सामानात रेस होत नाही. महिन्याभरात नाक घासत दोघं एकत्र येतील म्हणून."

मलाही ते तेव्हाच कळलं. माझ्या नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. तसा तो शांत माणूस, आवाज चढवत नाही, आणि तेच वाईट. "आणि मला तिकडे पाठवलंस ते?"

"घड्याळापाशी आपलं कुणीतरी हवं होतं ना."

"म्हणजे मीपण सामानच," नवरा म्हणाला. "खडूच्या रेषेपलीकडे ठेवलेलं."

दादाने खूप समजावलं. मी समजावलं. पण तिकडे संघात त्याला लोक मान देत होते, आता नवा खांबही त्याच्याच हाती येणार होता, आणि हे सगळं दादाच्या डावातलं प्यादं म्हणून मिळालं, हे त्याच्या मनाला फार लागलं. लागणारच. मला सांगून केलं असतं तर मी आनंदाने गेलो असतो, एवढंच तो मला नंतर एकदा म्हणाला. त्याच आठवड्यात आम्ही टायरच्या गोदामावरच्या खोलीत राहायला गेलो. तिथे कपड्यांना, उशीला, अंथरुणाला रबराचा वास. मी दोघांनाही शिव्या घालत सामान बांधलं. दादा दारात उभा होता, मदत करू का म्हणून विचारत होता. त्या दिवसापासून माझा नवरा दादाशी बोलला नाही.

मग सुरू झाली खरी रेस, कोण आधी बुडतो ती. मी आता संघाची तिकिटं विकत होते, त्यामुळे खिडकीतून सगळं दिसायचं. मंडळाने गाडीवाल्यांची फी कमी केली, की संघ बक्षीस वाढवणार. संघाने बायकांना फुकट सोडलं, की मंडळ मुलांनाही फुकट सोडणार. दोघांनीही महिन्याचा तोच रविवार धरला, कारण दुसरा रविवार धरणं म्हणजे हार. आता माणसाच्या खिशात महिन्याला एका मौजेपुरते पैसे असतात. तो एकीकडेच जाणार, आणि तिथेही अर्ध्याच गाड्या बघून पुढच्या वेळी घरी झोपणार. खर्च मात्र कुणाचाच अर्धा होत नव्हता. माणसं अर्धी आली म्हणून ॲम्ब्युलन्स काही अर्धी येत नाही. विम्यावाला अर्धा हप्ता घेत नाही. आणि वर प्रत्येकाच्या बोकांडी ते नवं सामान, जे दोघांकडे मिळून आधीच होतं.

तेलाच्या कंपनीचा एक साहेब यायचा, फलक लावायचे पैसे त्याच्याकडून मिळत. तो एकदा दोन्हीकडे हिंडून गेला आणि म्हणाला, तुमचं काय ते एक ठरवा आणि मग बोलवा. पुन्हा काही तो फिरकला नाही. पंपवाले आपल्या लोकांना सांगायचे, एवढा हंगाम दम धरा, तो टायरवाला आता गेलाच म्हणून समजा. टायरवालेही आम्हाला शब्दाला शब्द तेच सांगायचे. विहिरीत बुडी मारून पोरं श्वास धरतात ना, आधी कोण वर येतो म्हणून, तसं चाललं होतं. कुणी वर येईना.

सगळ्यात वाईट वाटायचं ते एकेरी धावेचं. या खेळात समोरची गाडी आलीच नाही तर एकट्याने पळायचं, पळालं की जिंकलं. पूर्वी असं वर्षाकाठी एखाद्या वेळी व्हायचं आणि लोक हसायचे. आता दर रेसला. एक गाडी येते, शेजारची जागा मोकळी, दिवे लागतात, गाडी कुणालाच हरवत नाही आणि जिंकते. लोक खिडकीपाशी येऊन मला म्हणायचे, बाई, दोन गाड्यांचे पैसे घेतलेत, एक दाखवलीत, अर्धे परत द्या.  मीच उलट तोंड वर करून भांडायचे, नाही तर त्यांचं कोण ऐकून घेणार?

दादाकडे मी अधूनमधून चोरून जायचे. लिफ्टच्या कामात त्याचं लक्ष राहिलं नव्हतं. त्याला मंडळाची पडली नव्हती, संघाचीही नाही. त्याला फक्त त्या टोकाला लंब्या परत हवा होता. मंडळाने तिथे बसवलेला माणूस "क्लिअर, क्लिअर" असं दोनदा म्हणतो, याचा त्याला संताप यायचा. मागच्या खोल्या त्याने रोज झाडून ठेवलेल्या असत. त्याने ते मला कधी सांगितलं नाही, पण माणूस राहत नसलेल्या खोलीत धूळ नसली की कळतंच ना.

असे चार हंगाम गेले. पाचव्याच्या तोंडावर दोन्हीकडचे हप्ते थकले आणि विकणारा येऊन मंडळाचं नवं घड्याळ घेऊन गेला, संघाचा नवा खांबही घेऊन गेला. आता उरलं काय? मंडळाकडे जुना खांब, संघाकडे जुनं घड्याळ. दादाचा बेत शेवटी फळाला आला, फक्त तोपर्यंत झाडच वाळलं होतं. मोठे गाडीवाले गाड्या विकून मोकळे झाले होते. मंडळाच्या मैदानाचा सौदा झाला होता, तिथे गोदामं उठणार होती. धावपट्टीचं भाडं संघाला झेपत नव्हतं. दोन्ही अध्यक्ष एकदाचे एका टेबलापाशी बसले आणि देणी भागवायला एकच शेवटची रेस एकत्र घ्यायची ठरली, जुन्या मैदानावर, जुन्या संचावर.

दादा गोदामाच्या जिन्यापाशी आला. वर नाही आला, मला खाली बोलावलं. नवा शर्ट, केस कापलेले. म्हणाला, "बघ, येणारच होते एकत्र. म्हटलं नव्हतं?"

मी म्हटलं, "चार वर्षांनी. आणि कशासाठी? शेवटचं मातीत घालायला."

ते त्याने ऐकलंच नाही. लंब्याला घड्याळापाशी उन्हात बसावं लागेल, त्याला टोपी घालायला सांग, असं म्हणून तो गेला.

रेसच्या दिवशी सकाळी दादाने खांब उभा केला. चार वर्षांत दोघांनीही आपापल्या नव्या सामानाला जुळावेत म्हणून वायरींचे प्लग बदलले होते, ते काही एकमेकांत बसेनात. दादा तासन्‌तास गुडघे टेकून वायरी सोलत, जुना जोड परत बसवत बसला. माझा नवरा त्या टोकाला घड्याळ लावत होता. टोपी घातली नव्हती. मी माझ्या जुन्या खोपटात. तिथे अडीअडचणीला म्हणून एक जादा वॉकीटॉकी ठेवलेला असतो, त्यावर दोघांचं सगळं ऐकू येतं.

पहिल्या गाड्या उभ्या राहिल्या. वॉकीटॉकी खरखरला आणि नवरा म्हणाला, "साफ."

दादाने बटण दाबलं. मी इथून त्याची पाठ बघत होते. खरं सांगते, मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. दिवसभर तो एकच शब्द येत राहिला. प्रत्येक धावेला "साफ," पुढे नाही, मागे नाही. दादाने एकदा विचारलं, पाणी पाठवू का? त्यावरही "साफ."

लोक आले होते ते बहुतेक निरोपाला आल्यासारखे. गाड्या थोड्या, त्यातल्या दोन दुपारीच बिघडल्या. अंतिम फेरीला ज्या दोन गाड्यांची पाळी होती त्यातल्या एकीचं इंजिन उभ्याउभ्याच फुटलं. म्हणजे शेवटची धाव एकेरी. लोक उठायला लागले. एकटी गाडी रेषेवर आली, गुरगुरत उभी राहिली.

"साफ."

दादाने बटण दाबलं नाही. वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "लंब्या, मला वाटलं होतं महिनाभरच. चुकलं माझं."

खरखर. काही नाही. गाडीवाला आतून हात हलवून विचारत होता, काय झालं?

"मागच्या खोल्या तशाच आहेत," दादा म्हणाला.

 मी तो डबा कानाला लावून बसले होते. नवरा पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "गाडी तापतेय. रस्ता साफ आहे."

दादाने हिरवा दिला. गाडी एकटी गेली.

पुढे त्या संचाचं काय झालं ते आताच सांगून टाकते. मोडीत काढतानासुद्धा दोन्ही कमिट्यांनी आपला अर्धा हिस्सा सोडला नाही. खांब एका भंगारवाल्याला गेला, घड्याळ दुसऱ्याला. अर्ध्या वस्तूला कोण किंमत देणार, दोघांनाही वजनावरच पैसे मिळाले. पंपवाले आणि टायरवाले आता एकमेकांच्या लग्नकार्यांना जातात, असं ऐकते. माझा नवरा ट्रक घेऊन लांबलांब जातो आणि मला पैसे पाठवतो. स्वतःचा पत्ता मात्र त्याने गोदामाचाच ठेवलाय, दादाच्या घरचा नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगत होते. लोक पांगले. टायरवाल्यांचा टेम्पो त्या टोकाला जाऊन उभा राहिला. नवऱ्याने घड्याळ पेटीत घातलं, पेटी वर चढवली, स्वतः चढला. जाताना टेम्पो मला घ्यायला माझ्या खोपटापाशी थांबला. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने एकदा लांब रस्त्याकडे बघितलं, जिथे दादा वायर गुंडाळत निघाला होता, आणि ड्रायव्हरला चल म्हणाला. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

मी चालत त्या टोकाला गेले. वायर तशीच पडली होती. मला गुंडाळता येत नाही, कधी केलंच नव्हतं. कोपर आणि पंजा यांच्यामध्ये ओढत, गुंते करत, हात काळे करत मध्यापर्यंत आले. दादा आपली अर्धी गुंडाळून कधीचाच पोचला होता. वेटोळ्यावर बसला होता, जोड हातात धरून. पावलं ऐकून त्याने मान वर केली आणि माझ्या मागे बघितलं.

"गेला?"

"गेला."

"काही म्हणाला?"

मला खोटं बोलता येत नाही, सगळं तोंडावर दिसतं. पण अंधारून आलं होतं. म्हटलं, "हो. म्हणाला, जोड सांभाळून ओढायला सांग, आतल्या पिना वाकतात."

दादाने हातातला जोड बोटांत फिरवून बघितला. मग म्हणाला, "मीच शिकवलं होतं त्याला ते." आणि त्या अंधुक उजेडातही त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना.

मी खाली बसले. एक टोक त्याने धरलं, एक मी. हलकंच ओढलं तर जोड लगेच हातात आला. इतका सैल होता की कुणाही एकट्याला दोन बोटांनी सुटला असता. दादा तिथे कधीचा येऊन बसला होता.

तो माझ्या हातातल्या गुंत्याकडे बघून म्हणाला, "उलटी गुंडाळलीस." मग माझ्याकडून ती घेतली, आणि तिथेच बसून पुन्हा पहिल्यापासून सोडवायला लागला.